पिनियल आणि ब्रेस्ट ट्यूमरवर रॅटमध्ये काम करायचंय? मग आधी रूमचा अंधार नीट करा

पिनियल ही मेंदूतली इवलीशी ग्रंथी, अंधारात ती मेलाटोनिन नावाचं हार्मोन सोडते, आणि ते ब्रेस्ट ट्यूमरला आवरतं का हे रॅटमध्ये तपासायचा हा विषय. बडोद्यात झूऑलॉजी नाहीतर फार्मसी करणारी मुलं मला नेहमी विचारतात की मॅडम, मेलाटोनिनचा डोस किती ठेवू, आणि मी उलट विचारते की तुझ्या रॅटच्या रूममध्ये रात्री दोन वाजता किती उजेड असतो ते आधी सांग. बहुतेकांनी ते कधी बघितलेलं नसतं. सिनॉप्सिसमध्ये १२ तास उजेड १२ तास अंधार असं लिहिलेलं असतं, भिंतीवर टायमर लावलेला असतो, की झालं काम. पण या विषयात अंधार हाच डोस आहे हो, तो गळका असेल तर सिरिंजमधलं मेलाटोनिन कितीही अचूक मोजा, कंट्रोल ग्रुप, म्हणजे मेलाटोनिन न देता तुलनेला ठेवलेल्या रॅटचा गट, आधीच बिघडलेला असतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय, ज्यांना प्रयोग करायचाय त्यांच्यासाठी आणि ज्यांना फक्त असले पेपर नीट वाचायचेत त्यांच्यासाठी पण.

पिनियलचं काम, लागेल तेवढंच

रॅटची पिनियल जेमतेम १ मिलिग्रॅमची असते, कवटीच्या छताला लागूनच मधोमध, जिथे मेंदूच्या मोठ्या शिरा एकत्र येतात बरोबर त्याच्या खाली. डोळ्यातून उजेडाची खबर हायपोथॅलॅमसमधल्या घड्याळाकडे जाते, तिथून खाली पाठीच्या कण्यात, मग मानेतल्या सुपीरियर सर्व्हायकल गँग्लियॉनमधून परत वर पिनियलला, एवढा लांबचा रस्ता. अंधार झाला की त्या नसांच्या टोकातून नॉरएपिनेफ्रिन सुटतं, एएएनएटी नावाचं एन्झाइम जागं होतं, सेरोटोनिनपासून मेलाटोनिन तयार होऊन रक्तात येतं. मध्यरात्री उजेड पडला की तेच एन्झाइम मिनिटांमध्ये खाली येतं. रॅटमध्ये एका मिनिटाचा उजेड सुद्धा पुरतो, हे नीट लक्षात ठेवा, पुढे वॉचमन काकांच्या टॉर्चबद्दल बोलायचंय.

एक घोळ बरीच मुलं घालतात. रॅट रात्री जागतो म्हणून त्याचं मेलाटोनिन दिवसा जास्त असेल असं त्यांना वाटतं. तसं नाहीये, रात्री जागणारा असो की दिवसा, मेलाटोनिन रात्रीच वाढतं. म्हणजे रॅट मस्त धावतोय, खातोय, त्याच वेळी मेलाटोनिन पण चढलेलं असतं.

जुने पेपर कसे वाचायचे

मेलाटोनिन वेगळं काढलं १९५८ मध्ये, येलच्या ॲरन लर्नर यांनी, ते स्किनचे डॉक्टर होते आणि गाईबैलांच्या पिनियल गोळा करून त्यांनी ते शोधलं. ब्रेस्ट कॅन्सरशी संबंध असावा हा विचार १९७८ मध्ये कोहेन, लिपमन आणि चॅब्नर यांनी लॅन्सेटमध्ये मांडला, की पिनियल मंद पडली की मेलाटोनिन कमी, मग इस्ट्रोजेनचा मारा जास्त वेळ, मग धोका जास्त. तेव्हा तो फक्त तर्क होता, पण तपासता येईल असा तर्क होता.

तपासला तो टामार्किन आणि मंडळींनी, १९८१ मध्ये. मादी रॅटना डीएमबीए, म्हणजे ब्रेस्टमध्ये गाठी आणणारं केमिकल, पाजलं, त्याच दिवसापासून रोज दुपारनंतर ५०० मायक्रोग्रॅम मेलाटोनिन कातडीखाली, ९० दिवस. गाठी येणाऱ्या रॅटचं प्रमाण ७९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. दुसऱ्या भागात लहानपणीच पिनियल काढलेल्या रॅटना डीएमबीएचा कमी डोस दिला, तर त्यांच्यात ८८ टक्के आणि पिनियल असलेल्यांमध्ये २२ टक्के. हे आकडे बघून कोणीही हुरळून जाईल, पण मुलांना मी सांगते की यातलं डिझाइन बघा. डीएमबीएचा डोस मुद्दाम कमी का केला? कारण पूर्ण डोसला कंट्रोलमध्येच इतक्या गाठी येतात की पिनियल काढून अजून वाढ दाखवायला जागाच उरत नाही. आणि कमी करणारं काही तपासायचं असेल तर उलटं, कंट्रोलमध्ये भरपूर गाठी हव्यात. हा एवढा विचार डोस ठरवताना केला तर अर्धा प्रयोग वाचतो.

आपल्याकडचं काम पण वाचा, त्याचा उल्लेख फार कमी होतो आणि मला ते मनापासून खटकतं. मुंबईला परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये कोठारी, शहा आणि म्हात्रे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न होल्ट्झमन जातीच्या रॅटमध्ये धरला, काही रॅट २४ तास उजेडात, काही छोट्या दिवसात म्हणजे १० तास उजेड १४ तास अंधार, काहींची पिनियल काढलेली, काहींना मेलाटोनिन. सतत उजेडात वाढलेल्या रॅटमध्ये डीएमबीएच्या गाठी जास्त आल्या. पुढे तिथूनच सी३एच माऊसच्या आपोआप येणाऱ्या गाठींवर मेलाटोनिनचं काम १९९१ मध्ये आलं.

आता हे वाचून कोणी म्हणेल की सतत उजेड म्हणजे पिनियल काढल्यासारखंच. थांबा जरा. २००० मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी स्प्रॅग-डॉली जातीचे रॅट लहान वयापासून सतत उजेडात ठेवले आणि त्यांना उलट कमी गाठी मिळाल्या, कारण उजेडाने मॅमरी ग्लँडची वाढच पुढे सरकली होती, कुमारी माद्यांमध्ये दूध तयार होण्याच्या खुणा दिसल्या, आणि अशी पक्व झालेली ग्रंथी डीएमबीएला तेवढी बळी पडत नाही. सतत उजेडात मादीची पाळी पण बिघडते, ती कायम इस्ट्रसमध्ये, म्हणजे माजावर, अडकते. म्हणजे उजेड फक्त मेलाटोनिन कमी करत नाही, ओव्हरी, दुधाचं हार्मोन प्रोलॅक्टिन, ग्रंथीची वाढ सगळं हलवतो. तेव्हा पेपर हातात आला की पहिले बघा उजेड कोणत्या वयापासून सुरू केला, डीएमबीएच्या आधी की नंतर, आणि व्हजायनल स्मिअर, म्हणजे पाळीचा टप्पा बघायला योनीतल्या पेशींचे नमुने, घेतले होते का. हे तीन कळले की दोन विरुद्ध वाटणारे पेपर बऱ्याचदा एकमेकांशी भांडत नाहीत असं दिसतं.

रूमचा अंधार

इथे मी लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं.

१९९७ मध्ये डॉची, सॉअर, ब्लास्क वगैरेंनी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनहून एक पेपर काढला, त्यात अंधाराच्या वेळात फक्त ०.२ लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड आत शिरू दिला तर रॅटचं रात्रीचं मेलाटोनिन दबलं आणि ट्यूमर जोरात वाढला. तो लिव्हरचा ट्यूमर होता, ब्रेस्टचा नाही, हे सांगायला पाहिजे. पण मग २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टुलेन युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने माणसाच्या एमसीएफ-७ ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठी न्यूड रॅटमध्ये, म्हणजे परक्या पेशी न नाकारणाऱ्या बिनकेसांच्या रॅटमध्ये, वाढवून तसाच मंद उजेड दिला तर गाठी लवकर वाढल्याच, वर टॅमॉक्सिफेन या ब्रेस्ट कॅन्सरच्या औषधाला पण दाद देईनाशा झाल्या, आणि रात्री मेलाटोनिन परत दिल्यावर औषध पुन्हा लागू पडलं. ०.२ लक्स म्हणजे किती? पौर्णिमेचं चांदणं साधारण ०.१ ते ०.३ लक्स असतं, म्हणजे कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना जेवढं चांदणं भांड्यात पडतं तेवढंच. आपल्याला तो अंधारच वाटतो.

तर तपासायचं कसं. अंधाराच्या तासांत रूममध्ये जा, पण रॅट आणायच्या आधी, रिकाम्या रूममध्ये. दार लावा, मोबाइल बंद करून बाहेर ठेवा, घड्याळाचा डायल झाका, आणि स्टुलावर वीस मिनिटं नुसते बसा. पहिली पाच मिनिटं डोळ्यासमोर काळं मिट्ट, आणि सगळे तिथेच उठून म्हणतात की ओके आहे. बसून राहा. हळूहळू दाराखाली एक पिवळी रेघ उमटते, मग एसीच्या स्टॅबिलायझरचे हिरवे आकडे, मग एग्झॉस्टच्या पात्यांमधून कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटचा उजेड भिंतीवर फिरताना दिसतो, खिडकीच्या काळ्या कागदात टाचणीएवढी भोकं, इन्व्हर्टरचा दिवा. माझा नियम असा की वीस मिनिटांनंतर पिंजऱ्याच्या जाळीच्या तारा वेगवेगळ्या दिसत असतील तर ती रूम या कामाला चालणार नाही.

मग मीटर. मोबाइलवरचं लक्स ॲप या कामाचं नाही, एक लक्सच्या खाली ते काहीही दाखवतं. ०.०१ लक्सपर्यंत मोजणारं मीटर कुठल्यातरी फिजिक्सच्या लॅबमधून मागून आणा, आणि रूमच्या मध्ये उभं राहून मोजू नका, पिंजऱ्याच्या आत, रॅटच्या डोळ्याच्या उंचीवर, दाराकडे तोंड करून मोजा. प्रत्येक रॅकचा वरचा, मधला, खालचा पिंजरा वेगळा. दिवसाचं पण मोजा, कारण वरच्या शेल्फला ट्यूबच्या जवळ भरपूर उजेड पडतो आणि खालच्याला फारच कमी, म्हणून पिंजऱ्यांच्या जागा ठराविक दिवसांनी बदलत राहा आणि एक ग्रुप एका शेल्फवर असं तर कधीच करू नका.

दुरुस्ती स्वस्तात होते. दाराखाली रबरी पट्टी, आत दुहेरी काळा जाड पडदा असा की पहिला मागे पडल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, एलईडीवर काळी इन्सुलेशन टेप, खिडकीला कागदाच्या ऐवजी प्लायवूड आणि कडांना पुट्टी. एग्झॉस्ट मात्र बुजवू नका प्लीज, अमोनिया साठतो आणि बिचाऱ्या जनावरांच्या नाकाडोळ्याचे हाल होतात, त्याला आतून काळा रंग दिलेला कोपऱ्यात वळणारा डक्ट बसवा, हवा वळते, उजेड वळत नाही.

आता बडोद्याचं म्हणून काही. टायमर सकाळी ६ ते संध्याकाळी ६ लावायची पद्धत आहे. जानेवारीत इथे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो तेव्हा काही वाटत नाही, पण जूनमध्ये तो साडेसातपर्यंत रेंगाळतो. डीएमबीएचा प्रयोग चार-पाच महिने चालतो. जानेवारीत सुरू केला तर शेवटच्या आठवड्यांत, नेमक्या गाठी वाढत असतात तेव्हा, खिडकीतून रोज दीड तास जास्तीचा उजेड शिरतो आणि तुमचा अंधार १२ तासांचा साडेदहावर येतो. नवरात्रात तर बघायलाच नको, शेजारच्या ग्राउंडवर गरब्याचे मोठे फ्लडलाइट मध्यरात्रीपर्यंत, आणि वर स्पीकर. गरबा आपल्याला सगळ्यांनाच प्रिय आहे, मी पण जाते, पण प्रयोगाचं कॅलेंडर बनवताना नवरात्र आणि दिवाळी आधी मांडून घ्या, त्या बाजूच्या खिडक्या आधीच बंद करा.

लाईट जाण्याचे दोन वेगवेगळे त्रास आहेत. जुना चक्रीचा टायमर लाईट गेली की तेवढाच वेळ मागे पडतो, उन्हाळ्यात दोन-चारदा लाईट गेली की तुमची रात्र सरकत सरकत सकाळच्या वेळात येते आणि कोणाच्या लक्षात पण येत नाही. बॅटरी बॅकअपवाला डिजिटल टायमर घ्या, आणि आठवड्यातून एकदा स्वतः बघून सही करा. दुसरं म्हणजे इमर्जन्सी लाइट, लाईट गेली की आपोआप पेटणारा. तो जर ॲनिमल रूममध्ये लटकवलेला असेल तर रात्री तीनला लाईट जाते, तो झगझगीत पेटतो, आणि त्या रात्रीचं मेलाटोनिन गेलं. काढून कॉरिडॉरमध्ये लावा.

आणि माणसं. रात्रीच्या राउंडला वॉचमन काका दार उघडून टॉर्च मारून बघतात की सगळं ठीक ना, ते त्यांचं काम मन लावून करत असतात. सकाळी लवकर सफाईला येणाऱ्या बेन आधी स्विच दाबतात. नुसती पाटी लावून कोणी ऐकत नाही. त्यांना आत बोलवून, रॅट दाखवून सांगा की रात्री एक मिनिट उजेड पडला तरी यांच्या रक्तातलं औषध कमी होतं आणि आमची महिन्यांची मेहनत जाते. समजावून सांगितलं की ते कोणत्याही पीएचडीवाल्यापेक्षा जास्त काळजी घेतात, हा माझा अनुभव. स्विचवर बाहेरून झाकण आणि कुलूप पण करा.

लाल दिव्याबद्दल. लाल उजेडात रॅटला काही कळत नाही असं सगळे धरून चालतात. लाल रंगाला त्यांचं घड्याळ कमी प्रतिसाद देतं हे बरोबर, डोळ्यातलं उजेड पकडणारं मेलानोप्सिन सगळ्यात जास्त निळ्याला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, जागं होतं, पण लाल जोरदार असला किंवा रात्रभर चालू ठेवला तर त्याचाही परिणाम होतो. तेव्हा रात्री रक्त घ्यायचंच असेल तर मंद गडद लाल, तेवढ्या मिनिटांपुरता, आणि रॅटच्या डोळ्यावर थेट नाही.

रॅट कोणता, केमिकल कोणतं

माऊस वापरणार असाल तर स्ट्रेन आधी बघा. सी५७ब्लॅक६ हा सगळीकडे सहज मिळणारा माऊस मेलाटोनिन जवळजवळ बनवतच नाही, त्याच्या एन्झाइमच्या जीनमध्येच दोष आहे. त्याची पिनियल काढून काय बघणार? सी३एच आणि सीबीए बनवतात. पिनियलवरचा पेपर सी५७ वर असेल तर मी तो लगेच बाजूला ठेवते, बाहेरून दिलेल्या मेलाटोनिनचा असेल तर मात्र वाचते.

रॅटमध्ये डीएमबीएचं मॉडेल चार्ल्स हगिन्स यांनी १९६१ मध्ये बसवलं, सुमारे ५० दिवसांची मादी स्प्रॅग-डॉली, तेलात विरघळवून एकदाच पोटात, २० मिलिग्रॅम. वय ५० दिवसच का, तर तेव्हा ग्रंथीच्या टोकांना भराभर वाढणाऱ्या पेशींचे फुगे असतात आणि तेच कॅन्सरला सगळ्यात जास्त बळी पडतात. आठवडाभर इकडेतिकडे झालं तरी गाठींचं प्रमाण बदलतं, म्हणून सप्लायरकडून जन्मतारीख लेखी घ्या.

डीएमबीएची एक गुंतागुंत आहे. ते स्वतः कॅन्सर करत नाही, शरीरातल्या एन्झाइमनी त्याचं रूपांतर केलं की मग ते डीएनएला चिकटतं. तुम्ही त्याच दिवशी मेलाटोनिन सुरू केलंत आणि गाठी कमी झाल्या, तर मेलाटोनिनने ट्यूमरची वाढ रोखली की डीएमबीएचं रूपांतरच कमी केलं, हे कसं सांगणार? म्हणून एक ग्रुप असा ठेवा ज्याला मेलाटोनिन दोनेक आठवडे उशिरा सुरू होईल. नाहीतर एनएमयू हे दुसरं केमिकल वापरा, त्याला अशा रूपांतराची गरज नसते, ब्लास्क यांच्या ग्रुपने बरंच काम त्यावर केलंय. दोन्ही जहाल कार्सिनोजेन, म्हणजे कॅन्सर करणारी केमिकल, आहेत. ग्लोव्हजच्या दोन जोड्या, फ्यूम हूड, आणि पाजल्यानंतर पहिल्या दिवसांचा भुसा वेगळ्या पिशवीत, सफाईच्या बेनना हात लावू देऊ नका, तो तुम्हीच उचला.

खाणं पण सगळ्यांना एकाच बॅचचं. सोयाबीन जास्त असलेल्या पेलेटमध्ये इस्ट्रोजेनसारखं वागणारे घटक असतात, आणि मक्याच्या तेलातलं लिनोलेइक ॲसिड हे ट्यूमरचं आवडतं इंधन आहे. मेलाटोनिन ट्यूमरला तेच उचलू देत नाही हा त्याच्या कामाचा एक मोठा भाग आहे, दुसरा भाग पेशीवरच्या मेलाटोनिन पकडणाऱ्या एमटी१ रिसेप्टरमधून, तिथे पेशीच्या आत निरोप पोचवणारं सायक्लिक एएमपी कमी होतं आणि इस्ट्रोजेन रिसेप्टरचा जोर उतरतो. म्हणजे अर्ध्यात पेलेटचा ब्रँड बदललात तर तुम्ही थेट प्रयोगातच हात घातलात.

पिनियल काढायची की नाही

प्रत्येकाला पिनियलेक्टॉमी, म्हणजे पिनियल काढायचं ऑपरेशन, करायची हौस असते. शिकलेला हात नसेल तर करू नका. ग्रंथी शिरांच्या संगमाखाली आहे, शीर फाटली की टेबलावरच रॅट जातो. करणार असाल तर शॅम ग्रुप हवाच, म्हणजे कवटी तेवढीच उघडायची, शीर तेवढीच हलवायची, फक्त ग्रंथी ठेवायची, आणि दोन्हीकडे वेदनाशामक. शेवटी पिनियल खरंच गेली होती का हे रात्रीच्या मेलाटोनिनवरून, नाहीतर लघवीतल्या ६-सल्फॅटॉक्सीमेलाटोनिनवरून, म्हणजे मेलाटोनिन मोडून तयार होणाऱ्या पदार्थावरून, दाखवा. लघवीचा मार्ग मला जास्त आवडतो, रॅटला रात्री हात लावावा लागत नाही.

इंजेक्शनची वेळ

मेलाटोनिन सकाळी दिलं की संध्याकाळी दिलं याने निकाल फिरतो. १९८१ मध्येच बार्ट्श दांपत्याने माऊसच्या एर्लिश ट्यूमरमध्ये दाखवलं की सकाळी दिलेल्याने ट्यूमर वाढला आणि संध्याकाळी दिलेल्याने दबला. ब्रेस्ट ट्यूमरच्या कामातही दुपारनंतरची, टायमरने दिवे बंद व्हायच्या एक-दोन तास आधीची वेळच धरतात. तेव्हा आज लेक्चर आहे म्हणून सकाळी टोचून टाकते, असं चालत नाही. रविवारी पण तीच वेळ, उत्तरायणला पण तीच वेळ. दोघांनी मिळून ड्युटी लावा आणि ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी वहीत लिहा.

मेलाटोनिन पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या इथेनॉलमध्ये मग सलाइनमध्ये, रोज ताजं, फॉइल गुंडाळलेल्या बाटलीत. कंट्रोलला तेवढंच इथेनॉल-सलाइन त्याच वेळी टोचायचं, टोचलंच नाही तर तो कंट्रोल नाही. पिण्याच्या पाण्यातून देणं जनावरांना सोपं जातं, रॅट रात्रीच जास्त पाणी पितात त्यामुळे वेळही आपोआप जुळते, फक्त किती पाणी संपलं ते रोज मोजावं लागतं.

गाठी शोधणं

रॅटच्या मॅमरी ग्रंथी सहा जोड्या, आणि त्या मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात. मुलं फक्त पोट चाचपतात आणि काखेतली, गळ्याजवळची गाठ सुटते. एका हाताने रॅटला छातीखालून आधार द्या, घट्ट आवळू नका, दुसऱ्या हाताची दोन बोटं गळ्यापासून सुरू करून काखेत, मग कडेने खाली, मागच्या पायाच्या आतल्या बाजूपर्यंत, मग दुसरी बाजू. लिम्फ नोड पण हाताला लागतो, तो सुळकन सरकतो आणि पुढच्या आठवड्यात तेवढाच असतो, गाठ वाढलेली असते. सापडली की व्हर्नियरने लांबी-रुंदी, रॅटच्या चित्रावर जागा. चाचपणाऱ्याला ग्रुप माहीत नको, हे पक्कं पाळा. टक्केवारीसोबत पहिली गाठ कधी आली आणि एका रॅटमध्ये किती आल्या हे दोन्ही द्या.

गाठ फुटून जखम झाली, चालायला त्रास व्हायला लागला, खाणं सुटलं, किंवा एथिक्स कमिटीने ठरवलेल्या मापापर्यंत गाठ पोचली की त्याच दिवशी त्या जनावराला वेदना न होऊ देता शांतपणे मरण द्या. अजून एक आठवडा थांबलो तर डेटा चांगला येईल असं म्हणणाऱ्याला मी रूममध्ये येऊ देत नाही. हे माप सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या फॉर्म बीमध्ये आधीच लिहिलेलं असायला हवं, आणि रॅटची संख्या का तेवढीच याचं गणित पण.

घरचे विचारतील ते

हे काम करताय कळलं की मावशी, काकू, शेजारच्या बेन, सगळे विचारतात की मग आम्ही मेलाटोनिनची गोळी घ्यायची का. ५०० मायक्रोग्रॅम रॅटला म्हणजे २०० ग्रॅमचा रॅट धरला तर किलोमागे २.५ मिलिग्रॅम झालं, आणि ३ मिलिग्रॅमची गोळी अख्ख्या माणसासाठी असते. तो डोस, तो कार्सिनोजेन, ते वय, यातलं काहीच काकूंना लागू नाही. माणसांच्या सगळ्यात जवळ येणारा प्रयोग म्हणजे ब्लास्क यांचा २००५ चा, त्यात पाळी चालू असलेल्या बायकांचं रक्त तीन वेळा घेतलं, दिवसा, रात्री अंधारात, आणि रात्री ९० मिनिटं लख्ख उजेडात बसवून, आणि ते न्यूड रॅटमधल्या माणसाच्या ब्रेस्ट ट्यूमरमधून फिरवलं. अंधारातल्या रक्ताने ट्यूमर मंदावला, उजेडातल्याने नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये नाइट शिफ्टला बहुधा कॅन्सरकारक या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तोच गट कायम ठेवला, तिथे अशा प्राण्यांवरच्या कामाचा आधार होता. पण गोळी घ्या असं यातलं कोणीच म्हणत नाही. काकूंना सांगा की झोपताना खोलीतला दिवा मालवा, गाठ हाताला लागली तर गोळी न शोधता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, आणि कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका.

मेथड्समध्ये लिहायचं ते

१२:१२ एवढंच लिहून सोडू नका. दिवा कोणता, एलईडी की ट्यूब, दिवसा पिंजऱ्यात किती लक्स, रात्री किती आणि मीटर कुठपर्यंत मोजू शकतं, दिवे किती वाजता लागले आणि गेले, प्रयोग कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, रात्री आत कोण गेलं आणि कोणत्या उजेडात, इंजेक्शन दिवे जायच्या किती वेळ आधी, स्ट्रेन, सप्लायर, डीएमबीएच्या दिवशी वय, पेलेटचा ब्रँड. आणि एखाद्या रात्री उजेड शिरलाच, इमर्जन्सी लाइट पेटला, कोणी स्विच दाबला, तर तारीख आणि किती वेळ तेही लिहा. अशा किती रात्री बिघडल्या तर तो पिंजरा बाद धरायचा हे ग्रुपची नावं उघडायच्या आधी गाइडसोबत बसून ठरवा, कागदावर लिहा, आणि त्यावर तारखेसकट दोघांच्या सह्या घ्या.